पाठवला म्हणजे पोचला का?

तुमच्या इनबॉक्समध्ये माणसाने लिहिलेला मेल शेवटचा कधी आला होता, आठवतंय? बॉसचे मेल धरू नका. (बॉससुद्धा माणूसच असतो हे मान्य, पण तरीही!) बाकी उरतं काय? वीजबिल, तिकीट, सॅलरी स्लिप, पासवर्ड बदलायची लिंक, नाहीतर 'तुमची ऑर्डर निघाली आहे'. हे मेल कुणी बसून टाइप करत नाही. तुम्ही इकडे बटण दाबता आणि तिकडचं अ‍ॅप्लिकेशन आपणहून एक मेल सोडतं. कॉम्प्युटरवाली मंडळी याला म्हणतात ट्रान्झॅक्शनल मेल. आपण त्याला सरळ व्यवहाराचा मेल म्हणू या. सेल आणि डिस्काउंटच्या मेलचा गोतावळा वेगळा. तो एक दिवस आला नाही तर आपण देवाचे आभार मानतो. व्यवहाराचा मेल आला नाही, की मात्र घाम फुटतो.

आपल्या एसी ऑफिसातल्या जगात हा घाम फार तर पाच मिनिटं टिकतो. 'रीसेंड' दाबायचं, कस्टमर केअरला झापायचं, ट्विटरवर (आता त्याला एक्स म्हणायचं!) बोंब मारायची, झालं काम. पण कुठला मेल येणार होता हेच ज्याला ठाऊक नाही, त्याने रीसेंड कशाचं करायचं?

हा प्रश्न मला पडला गडहिंग्लजमध्ये. गडहिंग्लज म्हणजे माझं आजोळ. कोल्हापूरपासून सुमारे सत्तर किलोमीटर, हिरण्यकेशीच्या काठावर. मिरचीची बाजारपेठ आणि फुटबॉलचं वेड यांसाठी प्रसिद्ध. इथून संकेश्वर जवळ, म्हणजे कर्नाटकही हाकेच्या अंतरावर. माझा मामेभाऊ, ज्याला मी दादा म्हणते, पुण्यात हिंजवडीला एका कंपनीत होता. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये लॅपटॉप घेऊन गावी आला आणि परत गेलाच नाही. आता घराच्या माडीवर बसून तो क्लासेस, पतसंस्था, दुकानं यांच्यासाठी छोटी छोटी सॉफ्टवेअरं करून देतो. माडीवर नेटचे दोन कनेक्शन आणि इन्व्हर्टर. खाली मामीची मिरची वाळत घातलेली. वर्क फ्रॉम होमचा खरा फंडा हाच, बॉस!

तर झालं असं. गेल्या वर्षी जूनमध्ये त्या भागातल्या एका खासगी शिक्षणसंस्थेने (नाव लिहीत नाही) दादाला बोलावून घेतलं. प्रवेशाचे मेल विद्यार्थ्यांना मिळत नाहीत अशा तक्रारी आल्या होत्या. सॉफ्टवेअर दादाचं नव्हतं, दुसऱ्या कुणीतरी करून दिलेलं होतं. दादा ऑफिसात बसलेला असतानाच एक गृहस्थ आले. चंदगड तालुक्यातल्या एका खेड्यातून दोन एसट्या बदलून. मुलीने पॅरामेडिकल कोर्ससाठी अर्ज भरला होता आणि निकालाची वाट बघून बघून बाप स्वतःच चौकशीला आला होता. क्लार्कने कॉम्प्युटरवर नाव शोधलं आणि स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. "हे बघा. तुमच्या मुलीचा नंबर लागलेला. अकरा तारखेला मेल गेलाय. तीन दिवसांत फी भरायची होती. भरली नाही म्हणून सीट पुढच्या नंबरला दिली."

नावापुढे हिरव्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'सेंट'.

त्या गृहस्थांनी काय म्हणावं? काहीच म्हणाले नाहीत. मोबाइल काढला, मुलीला फोन लावला, "मेल आलाय म्हणत्यात गं," एवढंच बोलले. मेल खरंच आला होता. स्पॅममध्ये. पंधरा दिवस तिथेच पडून होता.

पुढे मी त्या मुलीला भेटले. ती म्हणाली, "मला वाटलं नंबर लागला नाही. गप बसलो मग." (आमच्याकडे मुलीही 'बसलो'च म्हणतात.) वर्ष वाया जाऊ नये म्हणून ती गावाजवळच्या कॉलेजात बी.ए.ला गेली. घरच्यांचं मत असं, की मोबाइल दिवसभर हातात असतो आणि कामाचा मेल तेवढा बघितला नाही. म्हणजे दोष कुणाचा? तर तिचा! कारण कॉम्प्युटर म्हणतोय 'सेंट', आणि कॉम्प्युटर खोटं बोलत नाही.

आता गंमत ऐका. कॉम्प्युटर खोटं बोलत नव्हता, पण खरंही बोलत नव्हता.

'सेंट' म्हणजे नक्की काय?

दादाने ते सॉफ्टवेअर उघडून पाहिलं. स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगवर चालणारं, पीएचपी या भाषेत लिहिलेलं. पीएचपीमध्ये 'मेल' नावाचं एक रेडीमेड फंक्शन आहे. त्याला पत्ता, विषय आणि मजकूर द्यायचा, की ते 'ट्रू' असं उत्तर देतं. लिहिणाऱ्याने 'ट्रू' आलं की 'सेंट' लिहायचं, एवढंच केलेलं. पण त्या फंक्शनच्या माहितीपत्रकातच स्वच्छ सांगितलंय, की या उत्तराचा अर्थ मेल पाठवण्यासाठी स्वीकारला गेला, एवढाच. तो मुक्कामाला पोचेल असा नाही.

"अगं, तू लिफाफा पोस्टाच्या डब्यात टाकलास," दादा म्हणाला, "आणि डब्याचं झाकण 'टण्' करून वाजलं. हे 'सेंट' म्हंजे ते झाकण वाजलेलं. म्हणून पत्र पोचलं व्हय?"

डबा ते इनबॉक्स हा प्रवास बराच लांबचा असतो. ई-मेल एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे नेण्याची पद्धत, म्हणजे एसएमटीपी, ऑगस्ट १९८२मध्ये जॉन पोस्टेल या अमेरिकन संशोधकाने लिहून काढली. मुंबईचा गिरणी संप सुरू झाला तेच हे साल. या पद्धतीत मेल घेणारा सर्व्हर 'दोनशे पन्नास, ओके' असं उत्तर देतो. २००८च्या सुधारित नियमावलीप्रमाणे या ओकेचा अर्थ फार गंभीर आहे: हा मेल पुढे पोचवायची, नाहीतर पोचला नाही हे कळवायची जबाबदारी आता माझी. मशीन बंद पडलं वगैरे किरकोळ कारणांनी तो हरवून चालणार नाही. थोडक्यात काय, जबाबदारी हातातून हातात जाते. मधल्या एकाने जरी कळवायचं टाळलं, तरी ती तिथेच सांडते.

शिवाय त्या काळातल्या एसएमटीपीत पाठवणाऱ्याची ओळख तपासायची सोयच नव्हती. कुणीही कुणाच्याही नावाने मेल सोडावा. मग स्पॅमचा पूर आला आणि त्याच्या मागोमाग बंदोबस्त आला. आज मेल आला, की जीमेलसारखा सर्व्हर आधी कागदपत्रं मागतो. पहिला कागद एसपीएफ: आमच्या संस्थेच्या नावाचा मेल कुठकुठल्या सर्व्हरवरून येऊ शकतो, याची जाहीर यादी. दुसरा डीकेआयएम: जुन्या खलित्यावर लाखेची मोहोर असायची तशी डिजिटल मोहोर, वाटेत मजकुरात फेरफार झाला तर लगेच कळतो. तिसरा डीमार्क: या दोन्ही तपासण्यांत मेल नापास झाला तर त्याचं काय करायचं, याची खुद्द मालकाने दिलेली सूचना. फेब्रुवारी २०२४पासून गूगल आणि याहूने हे नियम कडक केले. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला पाच हजारांहून जास्त मेल पाठवणाऱ्याकडे हे तिन्ही हवेत. त्याहून कमी पाठवणाऱ्यालाही पहिल्या दोनांपैकी एक तरी हवाच.

त्या संस्थेकडे तिन्हींतलं एकही नव्हतं. वर त्यांचा सर्व्हर शेअर्ड, म्हणजे चाळीसारखा. त्याच पत्त्यावर दुसऱ्या शेकडो वेबसाइट राहतात. त्यातल्या एकीने लॉटरीचे मेल सोडले, की अख्खी चाळ बदनाम. अशा चाळीतून आलेलं, मोहोर नसलेलं पत्र जीमेलने स्पॅममध्ये टाकलं. त्याच्या जागी तुम्ही असता, तर तुम्हीही टाकलं असतं!

मग एपीआय काय करतो?

एपीआय म्हणजे दोन सॉफ्टवेअरनी एकमेकांशी बोलायची ठरवून घेतलेली रीत. मेल पोचवणं हाच ज्यांचा धंदा आहे, अशा कंपन्या आहेत. अ‍ॅमेझॉनची एसईएस २०११पासून आहे. ट्विलिओने घेतलेली सेंडग्रिड आहे. आपल्याकडे चेन्नईच्या झोहोची झेप्टोमेल आहे, मुंबईच्या नेटकोअरचीही अशी सेवा आहे. तुमचं अ‍ॅप्लिकेशन त्यांना म्हणतं, "हा पत्ता, हा मजकूर, ही माझी गुप्त किल्ली." ते उलट एक नंबर देतात. रजिस्टर केल्यावर पोस्टात पावतीवर नंबर मिळायचा, तसा. मग वेटिंग लाइन लावणं, पलीकडचा सर्व्हर बिझी असेल तर थांबून पुन्हा प्रयत्न करणं, आपल्या सर्व्हरची अब्रू सांभाळणं, ही सगळी यातायात त्यांची. भाव? एसईएसचा दर हजार मेलना दहा सेंट, म्हणजे आठ-नऊ रुपये. एका चहात हजार मेल! संस्थेने वाचवलेले पैसे ते हे.

पण दादाचं म्हणणं असं, की नुसती सेवा घेतली म्हणजे गंगेत घोडं न्हालं असं नाही. कारण एपीआयचं पहिलं उत्तरसुद्धा 'घेतलं' एवढंच असतं. आजची पोरं तेवढंच बघतात आणि 'सेंट' लिहून मोकळी होतात. म्हणजे झाकण नवं, आवाज तोच.

खरी मजा पुढे आहे. तिचं नाव वेबहुक. वेबहुक म्हणजे, "तू सारखा फोन करू नकोस, काही झालं की मीच कळवीन," असा करार. मेल समोरच्या सर्व्हरने घेतला, की सेवा तुमच्या अ‍ॅप्लिकेशनला कळवते: डिलिव्हर्ड. परत आला, तर कळवते: बाउन्स. यात दोन जाती. पत्ताच चुकीचा असेल तर पक्का बाउन्स. मेलबॉक्स भरलाय किंवा सर्व्हर झोपलाय, तर तात्पुरता. तात्पुरत्याला पुन्हा पाठवायचं. पक्क्याला पुन्हा पुन्हा पाठवत बसलात, तर तुमचीच पत जाते. एसईएसमध्ये बाउन्स पाच टक्क्यांवर गेले की तुमच्यावर नजर ठेवली जाते, दहा टक्क्यांवर गेले की पाठवणंच थांबवलं जाऊ शकतं.

आणखी एक भानगड. समजा, अ‍ॅप्लिकेशनने मेल सेवेला दिला, आणि उत्तर यायच्या आत नेट गेलं. (गडहिंग्लजमध्ये हे 'समजा' म्हणावं लागत नाही.) आता मेल गेला की नाही? पुन्हा पाठवला, तर फीच्या दोन पावत्या जाणार आणि घरात भूकंप. म्हणून प्रत्येक मेलला आपल्याकडचा एक कायमचा नंबर द्यायचा आणि त्या नंबरचा मेल एकदा गेला, की दुसऱ्यांदा सोडायचा नाही. दादाने हे आधी वहीत लिहून काढलं, मग कोड केलं. पुण्यात असताना यावर तीन मीटिंगा झाल्या असत्या.

आजोबांच्या तारेवरच्या पावत्या

हे सगळं ऐकताना मला आठवल्या माझ्या आजोबांच्या पावत्या. आजोबा लालबागला गिरणीत होते. गडहिंग्लज, आजरा, चंदगड इथून कितीतरी माणसं तेव्हा मुंबईच्या गिरण्यांत गेली. पगार झाला, की घरी मनिऑर्डर. पोस्टमन इकडे आजीच्या हातात पैसे द्यायचा, फॉर्मच्या एका तुकड्यावर तिचा अंगठा घ्यायचा, आणि तो तुकडा परत मुंबईला जायचा. आजोबा ते तुकडे तारेला ओवून ठेवत. मुंबईतल्या पोस्टाने दिलेली पावती वेगळी आणि हा अंगठा वेगळा. पहिली म्हणायची, पैसे घेतले. दुसरा म्हणायचा, मिळाले. आजोबांची रात्रीची झोप दुसऱ्यावर अवलंबून असे.

मराठीत यासाठी किती फक्कड शब्द आहे बघा, पोचपावती. रजिस्टर पोस्टालाही पोचपावतीचं कार्ड जोडता यायचं. टपाल खात्याने २०२५मध्ये रजिस्टर पोस्टाला स्पीड पोस्टात सामावून घेतलं, पण शब्द अजून जिवंत आहे.

दादाला मी हे सांगितलं तर तो लगेच म्हणाला, "मग तुझा 'डिलिव्हर्ड' पण अंगठा न्हवं बरं का." कारण 'डिलिव्हर्ड' म्हणजे मेल जीमेलच्या दारात गेला. आत तो हॉलमध्ये बसला की माळ्यावर, म्हणजे स्पॅममध्ये, हे जीमेल सांगत नाही. मेल उघडला की नाही हे कळायची युक्ती आहे, मेलमध्ये एक अदृश्य चित्र ठेवायचं. पण २०२१पासून अ‍ॅपलच्या मेलमध्ये खासगीपणाची सोय आली. ती चालू असेल तर माणसाने मेल न बघताही चित्र उघडलं गेल्याची नोंद होते. म्हणजे तोही अंगठा खोटा.

आणि याहून मोठी गोष्ट शहरात बसून सुचलीच नसती. दादाने संस्थेच्या यादीतले पत्ते तपासले. काहींत जीमेलचं स्पेलिंगच चुकलेलं. कित्येक पत्ते तर एकाच नेटकॅफेवाल्याचे! ऑनलाइन फॉर्म भरायला ई-मेल लागतो, पोराकडे नसतो, मग कॅफेवाला आपलाच टाकतो किंवा तिथल्या तिथे नवा काढून देतो. पासवर्ड कुणाला? देवाला. तांत्रिकदृष्ट्या हे मेल शंभर टक्के डिलिव्हर्ड. पोचले कुणाला? कुणालाच नाही.

मग दादाने केलं काय? एपीआय घेतला, तिन्ही कागदपत्रं केली. जाहिरातीचे मेल एका सबडोमेनवरून आणि व्यवहाराचे दुसऱ्यावरून, म्हणजे एकाची बदनामी दुसऱ्याला नको. अर्ज भरतानाच पत्त्यावर एक लिंक जाते, ती उघडल्याशिवाय अर्ज पुरा होत नाही. त्यामुळे कॅफेवाल्याचे पत्ते सुरुवातीलाच गळतात. आणि प्रवेशाच्या मेलमध्ये एक मोठं बटण: 'मला कळलं'. हा खरा अंगठा. चोवीस तासांत तो उमटला नाही, की त्या विद्यार्थ्याचं नाव क्लार्कच्या स्क्रीनवर लाल होतं, फोन नंबरसकट. मग क्लार्कने फोन करायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तीन दिवसांचं घड्याळ सुरू होतं ते पाठवल्यापासून नाही, कळल्यापासून.

"एसएमएस का नाही करत सरळ?" मी विचारलं. तोही करतो म्हणाला, पण त्याच्यावरच विसंबत नाही. ८ मार्च २०२१ आठवतोय? टेलिकॉम कंपन्यांनी ट्रायच्या नव्या नियमांप्रमाणे एसएमएस गाळायला सुरुवात केली आणि देशभर ओटीपी अडकले. बँका, तिकिटं, सगळंच ठप्प. शेवटी ट्रायला ती अंमलबजावणी आठवडाभर पुढे ढकलावी लागली. एकच रस्ता असला, की तो बंद पडायचाच.

शेवटचा नियम, म्हणजे पाठवल्यापासून नाही, कळल्यापासून, यावर संस्थेत बरीच खळखळ झाली म्हणे. "मग आम्ही किती दिवस थांबायचं?" प्रश्न चुकीचा नाही. वेटिंग लिस्टवरही कुणाची तरी मुलगी असतेच. तोडगा निघाला तो असा: बटण नाही, फोन नाही, असं पाच दिवस झालं तरच सीट पुढे. आणि त्या पाच दिवसांत कुणी, कधी, किती वाजता फोन केला, याची नोंद करायची. म्हणजे उद्या कुणी बाप चौकशीला आला, तर दाखवायला एका हिरव्या शब्दापेक्षा बरंच काही असेल.

तुमच्यापैकी बरेच जण असल्या सॉफ्टवेअरच्या आसपास काम करत असणार. कुणी कोड लिहिता, कुणी टेस्ट करता, कुणी एचआरमध्ये बसून शेकडो उमेदवारांना 'शॉर्टलिस्टेड' पाठवता. उद्या ऑफिसात गेल्यावर एकच प्रश्न विचारून बघा: आपल्या स्क्रीनवर 'सेंट' लिहिलेलं असतं, ते कुणी ठरवलं? झाकणाने, की अंगठ्याने? उत्तर झाकण असेल, तर 'सेंट' काढून 'पाठवायला दिला' असं तरी लिहा. निदान पलीकडच्या माणसाला खोटं पाडायला ते वापरलं जाणार नाही.

ती मुलगी यंदा पुन्हा फॉर्म भरतेय. ई-मेल स्वतःचा काढलाय, पासवर्ड पाठ आहे. संस्था तीच ठेवली का, असं मी विचारलं. ती म्हणाली, "तिथं आता फोन करत्यात म्हणं."

ता. क.: हा अंक मिटलात, की एकदा आपला स्पॅम फोल्डर उघडा. जीमेल तिथलं सगळं तीस दिवसांनी आपोआप पुसून टाकतं. लॉटऱ्या आणि परदेशी राजपुत्र सोडून द्या. मधे कुठे तुमच्या नावाचं काही कामाचं पडलंय का, तेवढं बघा. आणि घरी आई-बाबांच्या मोबाइलमधलाही बघा. त्यांना हा फोल्डर असतो हेच बऱ्याचदा ठाऊक नसतं.